‘डोळ्यांची गोळी’ मागण्याआधी: काउंटरच्या आतून चार गोष्टी

ठाण्याच्या नौपाड्यात औषधांच्या दुकानात उभं राहून माझी सत्तावीस वर्षं गेली. संध्याकाळी सातनंतर गोखले रोडवर गर्दी वाढली की आठवड्यातून दोन-तीनदा तरी कुणीतरी येतंच. ‘‘दादा, ती डोळ्यांची गोळी द्या ना. आईला सुरू करायचीय.’’ कुठली? ‘‘ती हो, ल्युटिनवाली. शेजारच्या काकू घेतात.’’ आईला नेमकं काय झालंय? इथे गाडी अडते. ‘‘डोळ्याला कमी दिसतं’’ याच्यापुढे उत्तर नसतं.

हा लेख त्यांच्यासाठी आहे. घरातल्या साठी-पासष्टीच्या माणसाचे डोळे पहिल्यांदाच नीट तपासले गेलेत, हातात एक कागद आहे, आणि त्यावरचं निम्मं कळत नाही, अशा माणसांसाठी. मी डॉक्टर नाही. पण कुठली गोळी कुणाच्या कामाची नाही हे सांगणं फार्मासिस्टच्या कामातच येतं, आणि काउंटरवर ते सांगायला वेळ मिळत नाही.

आधी आजाराचं नाव लिहून घ्या

डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडण्याआधी विचारा: ‘‘आजाराचं नाव काय, आणि ते कागदावर लिहाल का?’’ म्हातारपणी डोळ्याला होणारे मोठे आजार मुख्यतः चार, आणि जीवनसत्त्वांच्या बाबतीत त्यांची उत्तरं अगदी वेगळी आहेत.

मोतीबिंदू असेल तर गोळी विसरा. डोळ्यातलं भिंग गढूळ झालेलं असतं, ते कुठल्याही गोळीने किंवा थेंबांनी पुन्हा स्वच्छ होत नाही. ज्या मोठ्या अमेरिकी अभ्यासाचा पुढे उल्लेख येईल, त्यात मोतीबिंदूवरही ही जीवनसत्त्वं तपासली होती, फायदा दिसला नाही. ऑपरेशन हाच उपाय, आणि ते पुढे ढकलायला गोळ्या घेणं म्हणजे दोन वर्षं धुक्यात काढणं. त्या दोन वर्षांत आजोबा जिन्यावरून पडले तर खुब्याचं हाड मोडेल ते वेगळंच.

काचबिंदूत डोळ्याची नस हळूहळू मरते. त्यावर ब-३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार, निकोटिनामाइड, छोट्या चाचण्यांत आशादायक दिसला आणि मोठ्या चाचण्या हाती घेतल्या गेल्या. पण तिथे दिवसाला ३ ग्रॅमपर्यंत मात्रा दिली होती. बाजारातल्या बी-कॉम्प्लेक्सशी त्याचा काही संबंध नाही, आणि एवढी मात्रा यकृताला त्रास देऊ शकते. तेव्हा काचबिंदूत डोळ्याचा दाब कमी करणारे थेंब रोज, वेळेवर, न चुकता. सगळं काम तेच करतात. गोळी आणली म्हणून थेंब बंद केलेले लोक मी पाहिलेत.

मधुमेहामुळे पडदा खराब होतो त्यात साखर, रक्तदाब आणि वेळच्या वेळी लेझर किंवा इंजेक्शन. जीवनसत्त्वाची गोळी नाही.

चौथा आजार म्हणजे पडद्याच्या मध्यभागाचा. कागदावर ‘एएमडी’ किंवा ‘एआरएमडी’ असं लिहितात. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर मॅक्युला नावाचा एक लहानसा ठिपका असतो. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं, टीएमटीच्या बसचा नंबर वाचणं, हे सगळं त्या ठिपक्याचं काम. वयानुसार तिथे पिवळसर साका बसायला लागतो, त्याला ड्रूसेन म्हणतात. ‘डोळ्यांची गोळी’ ज्याच्या नावावर विकली जाते, तो पुरावा फक्त याच एका आजाराचा आहे. आणि त्यातही सगळ्या रुग्णांचा नाही.

मग टप्पा विचारा. पैसे इथेच वाया जातात

अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्र संस्थेने एक मोठा अभ्यास केला, त्याचं लघुरूप ‘एरेड्स’. निकाल २००१ मध्ये आले. त्यातल्या पडद्याच्या आजाराच्या भागात ३,६४० माणसं होती, वय ५५ ते ८०, आणि सरासरी सहा वर्षांहून जास्त काळ त्यांच्यावर लक्ष ठेवलं. काहींना जीवनसत्त्वं आणि जस्त यांची ठराविक मात्रा दिली, काहींना दिसायला तशीच पण रिकामी गोळी.

ज्यांचा आजार मधल्या टप्प्यात होता, किंवा एका डोळ्यात शेवटच्या टप्प्याला पोचला होता पण दुसरा डोळा अजून बरा होता, त्यांच्यात फरक पडला. रिकामी गोळी घेणाऱ्या शंभरातल्या साधारण २८ जणांचा आजार पाच वर्षांत शेवटच्या टप्प्याला गेला. खरी गोळी घेणाऱ्यांत २० जणांचा. जाहिरातीत हेच ‘धोका २५ टक्के कमी’ असं छापून येतं. तेही खोटं नाही. पण मी गिऱ्हाइकाला २८ आणि २० सांगतो. शंभरातल्या आठ जणांचं टळलं, वीस जणांचं गोळी घेऊनही टळलं नाही, आणि बाहत्तर जण रिकाम्या गोळीवरही तिथपर्यंत गेले नव्हते. तुमची आई त्यातल्या कुठल्या गटात ते आधी कुणीच सांगू शकत नाही. आठ जण ही लहान गोष्ट नाही, म्हणून डॉक्टर गोळी लिहितात आणि ते बरोबरच आहे.

सुरुवातीचा टप्पा असेल, म्हणजे फक्त थोडे बारीक ड्रूसेन, तर गोष्ट वेगळी. त्या गटात पाच वर्षांत शंभरात दीड माणसाचाही आजार शेवटच्या टप्प्याला पोचला नाही, त्यामुळे गोळीचा फायदा दिसलाच नाही. आणि आजार नसलेल्या माणसाने ‘पुढे होऊ नये’ म्हणून ती घ्यावी याला आधार नाही. काउंटरवर सर्वात जास्त खप मात्र याच लोकांचा असतो: पन्नाशीचे, दिवसभर संगणकासमोर बसून डोळे चुरचुरणारे, घणसोली-ऐरोलीच्या आयटी पार्कमधून संध्याकाळच्या ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला उतरणारे. त्यांना गोळी नको, त्यांनी जरा पापण्या मिटायची सवय लावावी आणि चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा.

म्हणून डॉक्टरांना दुसरा प्रश्न असा: ‘‘सुरुवातीचा, मधला की शेवटचा? दोन्ही डोळ्यांत सारखा आहे का? सुका आहे की ओला?’’ (ओला म्हणजे पडद्याखाली पाणी किंवा रक्त साचलेला.) बाहुली मोठी करून पडदा पाहिल्याशिवाय आणि बहुधा ओसीटी स्कॅन (पडद्याच्या थरांचा फोटो) केल्याशिवाय याचं उत्तर मिळत नाही. चष्म्याच्या दुकानातल्या मशीनवर तर नाहीच नाही. थेंब टाकून तास-दीड तास बसवतात आणि नंतर काही तास उजेड सहन होत नाही, तेव्हा कुणीतरी सोबत जा आणि काळा चष्मा न्या. खिशाचा प्रश्न असेल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा भायखळ्याचं जे.जे. इथल्या नेत्रविभागाचा केसपेपर काढा.

एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो. या अभ्यासातली माणसं जवळजवळ सगळी गोरी अमेरिकन होती. आपल्या खाण्याचं, आपल्या रक्तातल्या जस्ताचं गणित त्यात नाही. याचा अर्थ गोळी निरुपयोगी असा नाही, पण ‘२८ चे २०’ हे आकडे ठाण्यातल्या माणसाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, एवढं लक्षात असू द्या.

लेबल उलटं करून वाचा

पाकिटाच्या पुढच्या बाजूला डोळ्याचं चित्र असतं, गाजर असतं, कधी गरुडही असतो. ते बघू नका. मागच्या बाजूचा बारीक टाईप बघा, चष्मा घालून. २०१३ मध्ये याच अभ्यासाचा दुसरा भाग आला, चार हजारांवर माणसांचा, आणि सूत्रात दुरुस्ती झाली. आज डॉक्टर ‘एरेड्स-टू’ म्हणतात तेव्हा दिवसाची एकूण मात्रा ही असते (शेवटची दोन म्हणजे वनस्पतींतली पिवळी रंगद्रव्यं):

क जीवनसत्त्व ५०० मिलिग्रॅम
ई जीवनसत्त्व ४०० युनिट
जस्त ८० मिलिग्रॅम
तांबं २ मिलिग्रॅम
ल्युटिन १० मिलिग्रॅम
झियाझँथिन २ मिलिग्रॅम

हे मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि स्ट्रिप शेजारी धरून ताडून बघा. तुम्हाला पहिल्याच दिवशी धक्का बसेल. आपल्याकडच्या बऱ्याच गोळ्यांत ल्युटिन पुरेसं असतं, पण क जीवनसत्त्व ४०-५० मिलिग्रॅम, जस्त १०-१२, आणि तांबं कित्येकदा नसतंच. नाव मात्र ‘एरेड्स फॉर्म्युल्यावर आधारित’. ‘आधारित’ या शब्दावर बरंच काही खपतं. अशा गोळ्या बहुतेक करून औषध म्हणून नाही, तर आरोग्यपूरक अन्न म्हणून विकल्या जातात. त्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी परवाना क्रमांक असतो आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची ओळ बारीक अक्षरात असते. ज्या मात्रेचा अभ्यास झाला तिच्यापेक्षा फारच कमी मात्रा घेतली तर तोच फायदा होईल का, हे त्या अभ्यासाने सांगितलेलं नाही. जस्ताच्या बाबतीत तेवढी एक सूट आहे: दुसऱ्या भागात ८० ऐवजी २५ मिलिग्रॅम देऊन पाहिलं, लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणून काही डॉक्टर कमी जस्ताची गोळी मुद्दाम लिहितात.

लेबलवरचे दोन-तीन खड्डे सांगतो. ‘झिंक सल्फेट मोनोहायड्रेट ६० मिलिग्रॅम’ लिहिलं असेल तर ते ६० मिलिग्रॅम जस्त नव्हे. प्रत्यक्ष जस्त साधारण २२ मिलिग्रॅम, बाकीचं वजन सल्फेटचं आणि पाण्याचं. ‘एलिमेंटल झिंक’ या शब्दापुढचा आकडा धरायचा. तसंच ‘ल्युटिन १० टक्के, १०० मिलिग्रॅम’ म्हणजे खरं ल्युटिन १० मिलिग्रॅम. आणि लेबलवरची मात्रा एका कॅप्सूलची आहे की दिवसाच्या दोन कॅप्सूलची, हे शोधून काढा.

शाकाहारी घरातून हमखास प्रश्न येतो. सॉफ्टजेलचं कवच बहुधा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांपासूनचं असतं. पाकिटावरचा ठिपका हिरवा आहे का ते पाहा. आतलं ल्युटिन मात्र चक्क झेंडूचं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी जांभळी नाक्यावर ज्या केशरी फुलांचे ढीग लागतात, त्याच जातीच्या पाकळ्यांतून ते काढतात. हे सांगितलं की आज्या खूश होतात आणि लगेच विचारतात, मग फुलंच खाल्ली तर? नको. पूजेच्या फुलांवर काय फवारलेलं असतं ते देव जाणे.

बिडी-सिगारेट: इथे खोटं बोलू नका

मूळ सूत्रात ल्युटिनच्या जागी बीटा-कॅरोटिन (गाजराला केशरी करणारं रंगद्रव्य) होतं, १५ मिलिग्रॅम. ते का काढलं? फिनलंडमध्ये १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या, २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या अभ्यासात बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी व्हायच्या ऐवजी १८ टक्के जास्त झाला. एरेड्सच्या दुसऱ्या भागातही बीटा-कॅरोटिनच्या गटात फुप्फुसाचे कॅन्सर जास्त निघाले, आणि ते झालेली बहुतेक माणसं पूर्वी कधीतरी ओढणारी होती. म्हणजे ‘सोडून दहा वर्षं झाली’ ही पळवाट नाही.

जुनी, बीटा-कॅरोटिनवाली पाकिटं अजून बाजारात दिसतात. ओढणारा असो वा सोडलेला, त्याने ती परत करावीत. आणि हे डॉक्टरांसमोर आजोबा सांगत नाहीत, कारण सून शेजारी उभी असते. तेव्हा सुनेने दोन मिनिटं बाहेर जावं.

याच आजारात सिगारेट स्वतःच मोठा गुन्हेगार आहे. सिगारेट सोडली की धोका कमी होतो, आणि तिचे पैसे वाचतात ते वेगळे.

आधीपासून काय चालू आहे ते एका पिशवीत भरा

घरातली सगळी औषधं, आयुर्वेदिक, होमिओपॅथिक, मुलीने दुबईहून आणलेली बाटली, सगळं एका पिशवीत भरून डॉक्टरांकडे किंवा फार्मासिस्टकडे न्या. मी हे कितीही वेळा सांगितलं तरी लोक नावं तोंडी सांगतात, ‘‘ती गुलाबी, छोटी.’’ आमच्या दुकानात एका मावशींच्या पिशवीतून एकदा तीन ठिकाणचं जस्त निघालं: डोळ्यांच्या गोळीत, मल्टिव्हिटॅमिनमध्ये आणि केसांच्या गोळीत. तिन्ही वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेली, एकाला दुसऱ्याचं ठाऊक नव्हतं.

रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर ई जीवनसत्त्वाची मोठी मात्रा रक्तस्राव वाढवू शकते. केसांसाठी आणि चेहऱ्यासाठी घराघरांत जी हिरवी ई-कॅप्सूल असते ती ४०० मिलिग्रॅमची असते. डोळ्यांच्या गोळीसोबत तीही पोटात गेली तर मात्रा दुप्पट. ई जीवनसत्त्व ४०० युनिट नुसतं घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कॅन्सर वाढल्याचं २०११ मध्ये एका मोठ्या चाचणीत दिसलं होतं. म्हणून प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी ते स्पष्ट सांगावं. शिवाय एरेड्समध्ये जस्त घेणाऱ्यांना लघवीच्या तक्रारींसाठी दवाखान्यात दाखल व्हायची वेळ जास्त आली होती.

मुतखडा होऊन गेला असेल तर क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेबद्दल विचारा. जस्त तांब्याला शोषू देत नाही आणि त्यातून रक्त कमी होऊ शकतं, म्हणूनच सूत्रात तांबं आहे. तांबं नसलेलं ८० मिलिग्रॅम जस्त महिनोन्महिने घेऊ नये. उपाशीपोटी घेतलं तर मळमळतं, जेवणानंतर घ्या. डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लोक्सासिनसारखी अँटिबायोटिक चालू असतील तर दोन्हींत किती तासांचं अंतर ठेवायचं ते विचारून घ्या.

फरक वाटत नाही म्हणून बंद करू नका

दोन महिन्यांनी मुलगा येऊन सांगतो, ‘‘आईला काहीच फरक नाही, दुसरी कंपनी द्या.’’ फरक वाटणारच नाही. ही गोळी गेलेली नजर परत आणत नाही, जी आहे ती जाण्याचा वेग कमी करते. अभ्यासात लोकांनी ती वर्षानुवर्षं घेतली. म्हणून सुरू करण्याआधी हिशेब करा: स्ट्रिपची किंमत, भागिले गोळ्या, गुणिले दिवसाच्या गोळ्या, गुणिले तीस. तो आकडा पाच वर्षं झेपेल का? नसेल तर डॉक्टरांना तसं सांगा. लाज कसली? दोन महिने घेऊन बंद करण्यापेक्षा ते पैसे ओसीटीला ठेवलेले बरे.

शेवटच्या टप्प्यातल्या सुक्या आजारातही, जिथे पडद्याला झीज लागते, ही गोळी ती झीज मध्याकडे सरकण्याचा वेग कमी करते असं २०२४ च्या एका फेरविश्लेषणात दिसलं. तेव्हा ‘आता काय उपयोग’ म्हणून आपल्या मनाने थांबवू नका.

आणि जो कोणी मोतीबिंदू, काचबिंदू किंवा अंधत्व ‘बरं करून देतो’ अशी जाहिरात करतो, तो कायदा मोडतो. १९५४ चा औषधं आणि जादुई उपाय कायदा नेमक्या याच आजारांची नावं घेऊन अशा जाहिरातींना मनाई करतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली चित्रफीत याच हिशेबाने बघा.

ताटातलं

मासळीच्या तेलाच्या कॅप्सूल एरेड्सच्या दुसऱ्या भागात तपासल्या, पडद्याच्या या आजारात उपयोग दिसला नाही. कोरड्या डोळ्यांसाठी २०१८ च्या अभ्यासात त्या ऑलिव्ह तेलाहून सरस ठरल्या नाहीत. बांगडा, तारली मात्र खुशाल खा, मासे खाणाऱ्यांत हा आजार कमी आढळतो अशी निरीक्षणं आहेत. शाकाहारी घरात पालक, मेथी, शेवग्याचा पाला, राजगिरा, चवळीची पानं. ल्युटिन तेलात विरघळतं, म्हणून लसणाची फोडणी दिलेली भाजी कच्च्या रसापेक्षा बरी. अंड्याच्या पिवळ्या बलकातलं ल्युटिन शरीराला सहज मिळतं. वॉरफरिन चालू असेल तर पालेभाज्यांचं प्रमाण एकदम वाढवू नका, त्यातलं के जीवनसत्त्व औषधाच्या आड येतं. रोज सारखंच खा.

फ्रिजवर चौकट लावा

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम. मार्क आम्सलर नावाच्या स्विस डॉक्टरांच्या नावाने ओळखली जाणारी चौकट असते: आलेखाच्या वहीसारखे चौकोन, मध्ये एक ठिपका. डॉक्टर फुकट देतात, नाहीतर छापून घ्या. वाचायचा चष्मा घालून, हातभर अंतराहून जरा जवळ, एक डोळा तळहाताने झाकायचा आणि दुसऱ्याने ठिपक्याकडे बघायचं. मग दुसऱ्या डोळ्याने. दोन्ही उघडे ठेवून पाहिलं तर चांगला डोळा वाईट डोळ्याचं पितळ झाकतो. चौकट नसेल तर खिडकीची ग्रिल किंवा न्हाणीघरातल्या टाइल्सच्या रेषा चालतात. आठवड्यातून दोनदा तरी, चहाच्या वेळी.

एखाद्या दिवशी सरळ रेषा वाकडी दिसली, मध्ये राखाडी डाग आला, किंवा कालपर्यंत दिसणारी अक्षरं गळायला लागली, तर सुका आजार ओला झालेला असू शकतो. तिथे नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटून पडद्याखाली पाणी किंवा रक्त साचतं. त्यावर डोळ्यात देण्याची इंजेक्शनं आहेत, रॅनिबिझुमॅब, बेव्हॅसिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट, आणि ती जितकी लवकर तितकी नजर वाचते. जीवनसत्त्वाच्या गोळीचं त्या दिवशी काही काम नाही. पुढच्या महिन्याची तारीख घेतली आहे म्हणून थांबू नका, माझ्याकडे थेंब मागायलाही येऊ नका. फोन करून ‘‘रेषा वाकडी दिसतेय’’ एवढंच सांगा, पडद्याच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी घेऊन जा, आणि सोबत ती औषधांची पिशवी न्या.